चिनी भाषेतले ‘हन्’: द्वेषाचे क्रियापद वापरायला शिकताना

चिनी भाषा शिकू लागलेल्या माणसाला प्रेमाचे क्रियापद पहिल्या काही आठवड्यांतच भेटते, पण द्वेषाचे क्रियापद पाठ्यपुस्तकात बरेच उशिरा येते. तोपर्यंत विद्यार्थ्याने ते कुठल्या तरी मालिकेतून उचललेले असते. मालिकेतली नायिका पावसात उभी राहून ‘वो हन् नी’ असे ओरडते, खाली ‘मला तुझा द्वेष वाटतो’ असे भाषांतर येते, आणि विद्यार्थी समजतो की नावडीच्या शिडीची शेवटची पायरी आपल्याला सापडली. मग तो कारल्याच्या भाजीपासून सोमवारच्या सकाळपर्यंत सगळ्यांवर हे क्रियापद उधळत सुटतो. चूक तिथेच होते, कारण ‘हन्’ हे ‘आवडत नाही’ याचे वाढवलेले रूप नाही. त्याची जात वेगळी आहे, आणि ती मराठीतल्या ‘सल’ या शब्दाच्या जास्त जवळ जाते. हे एकदा ध्यानात आले की त्याचे विचित्र वाटणारे सगळे उपयोग एका धाग्यात बसतात.

हा लेख प्रमाण चिनीपुरता, म्हणजे फुथोंगह्वापुरता आहे. पुढे प्रत्येक चिनी अक्षरानंतर सुराचा आकडा दिला आहे: १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे चढता, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे वरून खाली आपटणारा आणि ० म्हणजे हलका, सूर नसलेला. १९५८ साली मान्य झालेल्या पिन्यिन या रोमन लेखनपद्धतीत बी, डी, जी ही अक्षरे दिसली तरी त्यांचे उच्चार अनुक्रमे प, त, क यांच्या जवळचे असतात, आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख (हा फ मात्र ओठ पूर्ण मिटून काढायचा). अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असल्यामुळे देवनागरीत लिहिलेले चिनी बरेचदा रोमनपेक्षा बरे वाचले जाते.

पहिली पायरी: उच्चार

पिन्यिनमधले स्पेलिंग पाहून बहुतेकजण ‘हेन’ म्हणतात. तसे म्हणू नये. स्वर ‘अ’ आहे, ‘हनुवटी’ या शब्दाच्या सुरुवातीला असतो तसा. सुरुवातीचा ह मात्र आपल्यापेक्षा खरखरीत असतो, घशात थोडा घासून येणारा, उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्या ख़कडे झुकणारा. शेवटचा न् म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकलेच पाहिजे. मराठी जीभ पुढे क किंवा ख आला की न्‌चा आपोआप ‘अंक’मधला अनुनासिक करून टाकते, आणि ‘हन्४क्वो०’ (‘एकेकाळी द्वेष केला होता’) हे ‘हंग्क्वो’ होऊन बसते. चिनी कानाला ‘हन्’ आणि ‘हंग्’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत, म्हणून ही सवय मुद्दाम मोडावी लागते.

खरा घोटाळा सुराचा आहे. ‘हन्३’ म्हणजे ‘खूप’, आणि ‘हन्४’ म्हणजे ‘द्वेष करणे’. पहिला शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतो, कारण चिनीत ‘मी बरा आहे’ असे म्हणतानाही मध्ये ‘हन्३’ घालतात: ‘वो३ हन्३ हाओ३’. माझ्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने चौथ्या सुरात म्हटले होते, आणि शिकवणाऱ्या बाईंनी गंभीर चेहऱ्याने विचारले होते, ‘नी३ हन्४ शेइ२?’ म्हणजे, ‘तू कुणाचा द्वेष करतोस?’ वर्गात त्यावर झालेला हशा मला अजून ऐकू येतो, पण तो भेद मी त्यानंतर विसरलो नाही.

भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरन यांनी १९३० मध्ये सुरांसाठी पाच पट्ट्यांची मोजणी सुचवली. तिच्यात चौथा सूर पाचवरून थेट एकवर येतो, तर तिसरा सूर दोन, एक, चार असा वळतो. वाक्याच्या मध्ये तो बहुधा दोन-एक एवढाच, म्हणजे तळाशी बसलेला ऐकू येतो. तिसऱ्या सुरापुढे आणखी एक तिसरा सूर आला तर आधीचा चढतो, आणि म्हणून ‘हन्३ हाओ३’मधला ‘हन्’ प्रत्यक्षात वर जातो. म्हणजे ‘खूप’ दबलेला राहील किंवा चढेल, पण वरून कोसळणार नाही. ‘द्वेष’ नेहमी वरून कोसळतो. सरावासाठी एखाद्या दंगेखोर मुलाला आपण ‘गप!’ म्हणतो तो आवाज आठवावा आणि त्याच उतारावरून ‘हन्४’ म्हणावे. त्यासाठी चेहऱ्यावर राग आणण्याची मात्र गरज नाही, कारण चौथा सूर हा रागाचा सूर नव्हे. प्रेमाचे क्रियापद ‘आय४’ आणि आभाराचे ‘श्ये४श्ये०’ हेही त्याच सुरात येतात.

दोन्ही ‘हन्’ शेजारी आले की कसोटी लागते. ‘वो३ हन्३ हन्४ था१’ म्हणजे ‘मी त्याचा खूप द्वेष करतो’. यात पहिला ‘वो’ थोडा चढतो, दुसरे अक्षर तळाशी बसते आणि तिसरे वरून आपटते. हे वाक्य रोज दहा वेळा म्हणावे. दरवाजा लावून म्हटलेले बरे.

दुसरी पायरी: अक्षर

या अक्षरात नऊ रेघा आहेत. डावीकडच्या एक-तृतीयांश जागेत हृदयाचे उभे चिन्ह येते आणि उरलेल्या जागेत उच्चार सुचवणारा भाग येतो. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन यांनी रचलेल्या ‘शुओवन च्येत्स’ या कोशातही हीच फोड दिली आहे: अर्थ हृदयाचा, उच्चार उजव्या भागाचा. चार घरांची चौकट छापलेली सरावाची वही घ्यावी. हृदयाच्या चिन्हात आधी डावे टिंब, मग उजवे टिंब आणि शेवटी मधली उभी रेघ असा क्रम असतो. नवशिके उभी रेघ आधी ओढतात, आणि मग दोन टिंबे तिला चिकटवल्यासारखी दिसतात. उजव्या भागात सहा रेघा आहेत: वरून उजवीकडे जाऊन खाली वळणारी, मग दोन आडव्या, मग खाली येऊन टोकाशी वर उसळणारी, मग एक डावीकडे झुकणारा छोटा फटकारा आणि शेवटी उजवीकडे पसरणारा लांब फटकारा.

उजव्या भागाच्या डोक्यावर टिंब देऊ नये. टिंब दिले की तो ‘लियांग२’ होतो, आणि त्याचा अर्थ ‘चांगला’. द्वेषाच्या अक्षरात चुकून चांगुलपणा घालणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत.

याच उजव्या भागाची भावंडे शेजारी लिहून ठेवली तर गोंधळ कमी होतो. डावीकडे हृदयाऐवजी पावलांचे चिन्ह आले तर ‘खूप’ होते, कुत्र्याचे चिन्ह आले तर ‘हन्३’, म्हणजे ‘निर्दय’. ही तिन्ही अक्षरे नऊ-नऊ रेघांची आहेत. झाडाचे चिन्ह आले तर ‘कन्१’, म्हणजे ‘मूळ’. फोनवर पिन्यिनने टाइप करताना पहिल्या जागी ‘खूप’ सुचवले जाते, त्यामुळे न पाहता बोट दाबले तर ‘मी खूप तुला’ असा निरर्थक संदेश जातो. वाचणाऱ्याला तो कळतो, पण मग भांडणाचा सगळा रंगच जातो.

तिसरी पायरी: साधे वाक्य

मराठीत आपण ‘मला त्याचा द्वेष वाटतो’ किंवा ‘मी त्याचा द्वेष करतो’ असे म्हणतो. पहिल्या वाक्यात द्वेष आपल्याकडे येतो, दुसऱ्यात तो ‘करावा’ लागतो, आणि दोन्हींत समोरचा माणूस षष्ठीत आहे. चिनीत यातले काहीही नाही. कर्ता, क्रियापद, कर्म: ‘वो३ हन्४ था१’. ‘करणे’ असा वेगळा शब्द लागत नाही आणि ‘त्याचा’ लागत नाही. मराठी विद्यार्थी सवयीने शेवटी संबंधदर्शक ‘त०’ जोडतो, ‘वो३ हन्४ था१ त०’, आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो: त्याचे काय? त्याचा आवाज, त्याचा स्वभाव, की त्याचा कुत्रा?

नकारासाठी ‘पु४’ लावायचा, पण पुढे चौथा सूर आल्यामुळे तो चढा होऊन ‘पु२ हन्४’ असे ऐकू येते. भूतकाळ दाखवण्याच्या दोन रीतींत फरक आहे आणि तो शिकण्यासारखा आहे. ‘वो३ हन्४क्वो० था१’ म्हणजे एकेकाळी मी त्याचा द्वेष केला होता, आता तसे काही उरलेले नाही. ‘वो३ हन्४ल० था१ श२ न्येन२’ म्हणजे मी दहा वर्षे त्याचा द्वेष केला. याच वाक्याच्या शेवटी आणखी एक ‘ल०’ जोडला की दहा वर्षे झाली आणि अजून चालूच आहे, असा अर्थ निघतो. एका हलक्या अक्षराने माफी मिळाली की नाही हे ठरते, म्हणून तो ‘ल०’ गिळू नये. ‘आत्ता करत आहे’ अर्थाचा ‘त्साय४’ मात्र या क्रियापदाआधी लावत नाहीत, कारण ही मनाची अवस्था आहे, हातातले काम नव्हे.

कर्माच्या जागी पूर्ण वाक्यही येऊ शकते, आणि तिथेच या क्रियापदाचा जीव दिसतो. ‘वो३ हन्४ था१ फियेन४ल० वो३’ म्हणजे ‘त्याने मला फसवले म्हणून मला त्याचा द्वेष आहे’. मराठीतला ‘म्हणून’ चिनीत लागत नाही. द्वेषाच्या पोटातच त्याचे कारण बसते. ‘वो३ हन्४ त्स४ची३’ म्हणून पुढे ‘लवकर आलो नाही’ असे वाक्य जोडले की ‘मी वेळेवर आलो नाही याचे मला स्वतःलाच लागून राहिले आहे’ असे होते. इथे ‘द्वेष’ हा शब्द घालून मराठी करून पाहा, वाक्य कोसळते. ‘सल’ घाला, ते उभे राहते.

चौथी पायरी: कुठे वापरू नये

रोजच्या बोलण्यात चिनी माणूस ‘हन्४’ फार कमी वेळा वापरतो. ज्याने आपले काही बिघडवले आहे, ज्याने अन्याय केला आहे, ज्याच्यामुळे काही गमावले आहे, त्याच्यासाठी हे क्रियापद राखून ठेवलेले असते. कारल्याने तुमचे काही बिघडवलेले नाही. त्यामुळे कारल्यासाठी ‘वो३ पु२ आय४ छ१ खु३क्वा१’, म्हणजे ‘मला कारले खायला आवडत नाही’, एवढे पुरे. तिटकारा दाखवायचाच असेल तर ‘थाओ३येन४’ वापरावे. नवशिक्याने शंभरातल्या नव्वद ठिकाणी हाच शब्द वापरावा असे माझे मत आहे. मोठ्याने बोलणारा शेजारी, सिगारेटचा वास, रविवारची मीटिंग, दमट हवा हे सगळे ‘थाओ३येन४’च्या हद्दीत येते.

‘थाओ३येन४’ क्रियापदही आहे आणि विशेषणही. ‘वो३ थाओ३येन४ था१’ म्हणजे मला तो अजिबात आवडत नाही, आणि ‘था१ हन्३ थाओ३येन४’ म्हणजे तो फार वैताग आणणारा आहे. शिवाय त्याचा एक लाडिक उपयोग आहे: प्रियकराने थट्टा केली की मुलगी शेवटचे अक्षर लांबवून नुसते ‘थाओ३येन४ऽ’ म्हणते. तिथे त्याचे भाषांतर ‘इश्श, काहीतरीच!’ असे करावे लागते. ‘हन्४’ला अशी सवलत सहजासहजी मिळत नाही.

रागाचा शब्द वेगळा आहे, आणि त्याची रचना चकवते. ‘शंग१छी४’ म्हणजे रागावणे, पण त्याला सरळ कर्म लागत नाही. ‘मी त्याच्यावर रागावलो आहे’ यासाठी शब्द फोडून मध्ये माणूस बसवावा लागतो: ‘वो३ शंग१ था१ त० छी४’. ‘हन्४’ इतके सरळ असते आणि ‘शंग१छी४’ इतके वाकडे असते, की घाईत बोलणारा विद्यार्थी दोघांची अदलाबदल करतो आणि घटकाभराच्या रागाच्या जागी जन्माचे वैर जाहीर करून बसतो. ऑफिसात उशिरा फाइल देणाऱ्या सहकाऱ्याबद्दल ‘हन्४’ म्हटले तर ऐकणारे एकदम गप्प होतात आणि तुमच्या दोघांत पूर्वी काय घडले असेल याचा विचार करू लागतात.

एक सूट आहे. ‘त्सुई४ हन्४’, म्हणजे ‘सर्वांत जास्त चीड’, हे रोजच्या बोलण्यातही येते, पण त्यापुढे माणसाचे नाव न येता वागणूक येते: ‘वो३ त्सुई४ हन्४ पिये२रन० फियेन४ वो३’, म्हणजे कुणी मला फसवले की मला सर्वांत जास्त चीड येते. दुसरी सूट ‘योउ४ आय४ योउ४ हन्४’ या जोडीला आहे. सोडवतही नाही आणि सोसवतही नाही अशा वस्तूला हे हलकेफुलके म्हणता येते, तिखट हॉटपॉटला किंवा हातातल्या फोनला.

पाचवी पायरी: तीव्रता

तीव्रता वाढवायला आधी ‘हन्३’ किंवा ‘फेइ१छांग२’ लावता येते, पण जिवंत चिनी नंतर जोडलेल्या शब्दांनी बनते. ‘हन्४ स३ ल०’ म्हणजे मरणाचा द्वेष, आणि ‘हन्४ थोउ४ ल०’ म्हणजे आरपार भिनलेला. यापुढे ठरीव शब्दसमूह येतात, आणि इथे मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटते. ‘हन्४ त० याओ३या२छिये४छ३’ याचा शब्दशः अर्थ दात चावून, दात आवळून द्वेष करणे. आपण दात-ओठ खातो. ‘हन्४ च१ रु४ कु३’ म्हणजे हाडांत शिरलेला द्वेष. आपल्याकडे त्यालाच हाडवैर म्हणतात. दोन भाषांचा कुळाचा संबंध नाही, तरी दोघींनी वैर ठेवायला तीच जागा निवडली याची मला नेहमी गंमत वाटते. हे दुसरे रूप लेखी आणि जड आहे, त्यामुळे ते वाचताना ओळखता आले तरी पुरे.

नाम हवे असेल तर ‘हन्४’ एकटे चालवू नये. ‘छोउ२हन्४’ म्हणजे वैरभाव, आणि तो ‘तुई४’ या शब्दाने जोडतात, आपल्या ‘विषयी’सारखा. क्रियापदाला मात्र ‘तुई४’ लावू नये. ‘ची४हन्४’ म्हणजे डूख धरणे, आणि ‘चिये३हन्४’ म्हणजे शत्रूची बरी जिरली असे पाहून जीव थंड होणे. दोन्ही शब्द बोलीत सर्रास येतात आणि शिकायला सोपे आहेत.

सहावी पायरी: जिथे द्वेष नसतोच

आता ज्या उपयोगासाठी मी ‘सल’ हा शब्द सुरुवातीला आणला, तिथे येऊ. जुन्या चिनीत या अक्षराचा ठळक अर्थ हळहळ, अपुरे राहिल्याची बोच असा होता. तांग काळातले कवी बाय च्यूयी यांनी ८०६ मध्ये सम्राट श्वानत्सोंग आणि त्याची प्रिय राणी यांग क्वेइफेइ यांच्यावर लिहिलेल्या दीर्घ काव्याचे नाव ‘छांग२ हन्४ क१’ आहे. ७५५ मध्ये आन लुशान या सेनापतीचे बंड झाले, पुढच्या वर्षी सम्राट राजधानी सोडून निघाला, आणि वाटेत मावेइ येथे सैनिकांच्या दबावाखाली तिला प्राण गमवावे लागले. त्या नावात कुणाचा कुणावर द्वेष नाही. कधी न मिटणाऱ्या सलाचे ते गाणे आहे. आजच्या अर्थाचा चष्मा लावून त्याचे ‘चिरंतन द्वेषाचे गीत’ असे भाषांतर केले तर सगळे काव्य उलटे होते.

तोच जुना अर्थ आजच्या बोलीत ‘हन्४पु०त०’ या शब्दात जिवंत आहे. एखादी गोष्ट करता येत नाही याची तळमळ, असा त्याचा भाव असतो. ‘वो३ हन्४पु०त० मा३शांग४ हुई२ चिया१’ याचे मराठी ‘मला घरी जाण्याचा द्वेष आहे’ असे नसून नेमके उलट आहे: ‘कधी एकदा घरी जातो असे झाले आहे!’ ऐकताना ‘हन्’ कानावर पडला की लगेच द्वेष समजू नये, पुढे ‘पु०त०’ येतो का ते ऐकावे. वापरताना दोन नियम पाळावेत: पुढे क्रियापद आलेच पाहिजे, नुसते नाम चालत नाही, आणि ती गोष्ट लगेच होण्यासारखी नसावी. ‘कधी एकदा’ने सुरू होणारे जे मराठी वाक्य तुमच्या मनात येईल ते बहुधा इथे बसते.

दुसरा तसाच उपयोग आईबापांच्या तोंडी असतो: ‘हन्४ थिये३ पु४ छंग२ कांग१’, म्हणजे लोखंडाचे पोलाद होत नाही म्हणून जीव जळणे. मुलगा हुशार आहे पण अभ्यासाला बसत नाही, अशा वेळी आई चिडते, ती चिडण्याची ही जात. चिनी मैत्रिणीने आपल्या मुलाबद्दल हे शब्द वापरले तर तिला मुलगा नकोसा झाला आहे असे समजून सांत्वन करायला जाऊ नये.

सरावासाठी पुढची पाच वाक्ये घ्यावीत आणि प्रत्येकाला योग्य शब्द शोधावा: मला वांगे आवडत नाही, बस उशिरा आली म्हणून मी वैतागलो आहे, त्याने माझ्या वडिलांना फसवले आणि मी त्याला विसरणार नाही, आजीच्या शेवटच्या वेळी मी जवळ नव्हतो, कधी एकदा परीक्षा संपते असे झाले आहे. पहिल्या दोघांत ‘हन्४’ येत नाही. तिसऱ्यात ते द्वेष होऊन येते, चौथ्यात ‘त्स४ची३’ला, म्हणजे स्वतःला, सोबत घेऊन येते, आणि पाचव्यात ‘पु०त०’ जोडून. चौथे वाक्य म्हणताना आवाज आपोआप खाली येतो आणि चौथ्या सुराचा उतार अर्धवट राहतो. तो तेवढ्यावर सोडू नये, पूर्ण खालपर्यंत न्यावा, नाहीतर ऐकणाऱ्याला पुन्हा ‘खूप’ ऐकू येईल.